कुत्र्याला कुत्रा म्हणूनच आठवावं

रायगडावर शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर बसलेला वाघ्या ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. समकालीन कागदपत्रांत या वाघ्याचा पत्ता नाही आणि पुतळा १९३६ सालचा. ऑगस्ट २०१२ मध्ये तो उखडला गेला, काही दिवसांतच पुन्हा बसवला गेला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो हटवावा असं पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिलं आणि वाद नव्यानं पेटला. पुराव्यावाचून इतिहास मानू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण दोन्ही बाजूंच्या भांडणात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. लोकांच्या मनात कुत्र्याला जागा मिळायला त्यानं धन्यापायी जळूनच का जावं लागतं?

हा प्रश्न मला छळतो, कारण पालीत आमच्या घरचा तांबू गेल्या पावसाळ्यात गेला आणि त्यानं कसलाही पराक्रम केलेला नव्हता. साधा गावठी कुत्रा. त्यानं चोर पकडला नाही, साप अडवला नाही. भाद्रपदात आणि माघात बल्लाळेश्वराला लोटणारी गर्दी आमच्या दारावरून जायची, तिच्यावर तो कधी भुंकला नाही. अंगणात जास्वंदीखाली त्याची एक जागा होती. दुपारी आडवं होण्याआधी तो तिथली माती पुढच्या पायांनी थोडी उकरायचा, दोन गिरक्या घ्यायचा, मग अंग टाकायचा. वर्षानुवर्षं उकरून तिथं बरोब्बर त्याच्या मापाची खळगी झाली होती. पावसात ती तुंबली की पडवीतल्या गोणपाटावर येऊन पाण्याकडे बघत बसायचा. शेवटी शेवटी डोळ्यांत फूल पडलं होतं, तरी आईनं नारळ फोडल्याचा आवाज आला की मागच्या परड्यातून धावत यायचा आणि खोबऱ्याच्या तुकड्यासाठी उंबऱ्याबाहेर बसायचा. उंबरा मात्र त्यानं कधी ओलांडला नाही.

त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे आणि माझ्या मते ते पुरेसं आहे.

पालीतली, एकूणच कोकणातली, कितीतरी घरं आज अशीच चालतात. मुलं मुंबई-पुण्याला, घरात एक म्हातारं माणूस आणि दारात कुत्रा. त्या माणसाचं दिवसभराचं बोलणं कुत्र्याशीच होतं. "काय रे, ऊन खातोयस?", "थांब, देते", "कोण आलंय बघ". फोनवर मुलांना सांगितलं जात नाही ते याला सांगितलं जातं. तो गेला की एका प्राण्याबरोबर त्या घरातला आवाजही जातो. आई पूर्वी रात्री जेवणं उरकल्यावर दाराला कडी घालायची, आता दिवेलागणीलाच घालते.

माणूस गेला की आपल्याकडे सगळं बांधून दिलेलं असतं: सुतक, दहावं, तेरावं, शेजारून येणारा पिठलं-भात, भेटायला येणारी माणसं. दुःखाला वाट काढून देण्याचं मोठं शहाणपण या रीतींत आहे. कुत्रा गेला की परड्यात खड्डा खणतात, दुपारपर्यंत सगळं आटोपतं, आणि भेटेल तो म्हणतो, "दुसरं पिल्लू आणा." म्हणणारे निर्दय नसतात. या दुःखात काय बोलावं, हे कुणी त्यांना शिकवलेलं नसतं. घरचा माणूसही मग ओशाळतो, "कुत्रंच होतं" असं स्वतःच म्हणून मोकळा होतो.

या दुःखाला नव्या काळाचं, शहरी लाडाचं लेबल लावणाऱ्यांनी जर्मनीतल्या ओबरकासेलचं दफन आठवावं. बॉनजवळच्या या ठिकाणी १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एका पिल्लाचे अवशेष सापडले, सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. पिल्लू साधारण सात महिन्यांचं. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासून २०१८ साली अभ्यासकांनी मांडलं, की त्याला डिस्टेंपर हा रोग झाला असावा आणि माणसांनी आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केल्याशिवाय ते तितकं जगलंच नसतं. ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. तरी त्याला कुणीतरी पाणी पाजलं, ऊब दिली. माणसाला कुत्रा उपयोगापुरताच हवा असतो, हे म्हणणं इथंच कोसळतं.

आपल्याकडचं उदाहरण खंड्याचं. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ मध्ये सुटले, साताऱ्याला छत्रपती झाले. खंड्या हा त्यांचा लाडका कुत्रा. शिकारीत त्यानं वाघापासून धन्याला वाचवलं असं सांगतात, म्हणजे पराक्रम त्याच्याही नावावर आहे. पण शाहूंनी त्याचं कौतुक केलं ते तो जिवंत असताना. त्याला इनाम दिलं, पालखीचा मान दिला, भर दरबारात जरीचे कपडे आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. इतिहासकार ग्रँट डफला यात वेडाची लहर दिसली. मला कैदेत वाढलेल्या एका माणसाची माया दिसते. संगम माहुलीला कृष्णेकाठी शाहूंच्या समाधीजवळ खंड्याचीही समाधी आहे.

महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. मला तो प्रसंग फार प्रिय आहे, पण पुढं तो कुत्रा साक्षात धर्म निघतो, तिथं माझं मन अडतं. कुत्रा नुसता कुत्रा राहिला असता, तरी युधिष्ठिराचं वागणं तितकंच थोर ठरलं असतं.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, देशभर वाद झाले. ज्याच्या लेकराला कुत्रा चावलाय त्याची भीती खरी आहे, आणि कुत्र्यावर माया करणाऱ्यानं त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचलीच पाहिजे. पण त्या वादापायी ज्याच्या घरातला कुत्रा गेला त्याचं दुःख खोटं ठरत नाही. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी दहनाची सोय केली, हे चांगलं झालं. गावात खड्डा खोल खणावा, रात्री जनावरं उकरणार नाहीत इतका. घरातल्या मुलांना तिथं उभं राहू द्यावं, रडू द्यावं.

आणि शेजारच्या घरातला कुत्रा गेल्याचं कळलं, तर दहा मिनिटं जाऊन बसा. त्याचं नाव घ्या, तो काय खायचा, कुठं झोपायचा ते विचारा. दुसरं पिल्लू आणण्याची गोष्ट त्या दिवशी काढू नका.