हसू आणि डाग

क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘पल्प फिक्शन’ (१९९४) या चित्रपटात दोन गुंड मोटारीतून गप्पा मारीत चाललेले असतात. बोलता बोलता एकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटते आणि मागे बसलेला तरुण जागच्या जागी मरतो. प्रेक्षागृहात हशा पिकला. मीही हसलो.

या हसण्याला निष्ठुरपणा म्हणणे सोपे. पण ते पुरते खरे नव्हे. गुन्हा, मारामारी आणि विनोद यांची मिसळण असलेले चित्रपट घटकाभर आपले भय उतरवतात. ज्या मृत्यूपुढे एरवी वाचा बसते, त्याचीच तेथे फजिती होते. ही सुटका माणसाला हवीच असते.

उणीव पुढे आहे. नंतरची सारी धांदल मोटारीतले रक्त पुसण्याची; तीही मित्राची बायको रात्रपाळी करून घरी परतण्याआधी! मेलेल्यासाठी कोणी हळहळत नाही. माणसाचा डाग होतो, आणि डाग निघाला की प्रकरण मिटते.

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्येही (१९८३) प्रेताची ओढाताण आहे, आणि आपण पोट धरून हसतो. पण शेवटी ते दोन निरपराध छायाचित्रकार कैद्यांच्या वेशात समोर येतात, आणि मघाचे हसू बोचू लागते.

हसावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. हसून झाल्यावर, ज्याच्यावर बेतले त्याची आठवण उरते का? मोटारीतल्या त्या तरुणाचे नाव मार्विन होते. मला ते दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना कळले.