चार पेन्सची माफी

1552 साली इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन गावात, हेन्ली स्ट्रीटवर उकिरडा केला म्हणून तिघांना प्रत्येकी 12 पेन्स दंड झाला. त्यांतला एक होता हातमोजे शिवणारा जॉन शेक्सपिअर, नाटककार विल्यमचे वडील. पुढच्याच वर्षी गावाला राजाची सनद मिळाली. बेलिफ, 14 आल्डरमन म्हणजे ज्येष्ठ नगरसदस्य आणि 14 सभासद असा कारभार सुरू झाला. पावाचं वजन, एल या बिअरचा दर्जा, दारापुढचं गटार, सगळ्यावर त्यांची नजर. उकिरड्याचा दंड भरलेला जॉन 1556 मध्ये पाव-एल तपासणारा झाला आणि 1568 मध्ये बेलिफ, म्हणजे गावचा पहिला नागरिक. एकदा चुकला म्हणून गावाने त्याला कायमचा बाजूला बसवला नाही.

1564 च्या जुलैत प्लेग आला. ऑगस्टमध्ये नगरसभा गिल्ड चॅपेलच्या बागेत, उघड्यावर भरली आणि गरिबांसाठी वर्गणी निघाली. घरात चार महिन्यांचा विल्यम. जॉनने 12 पेन्स दिले.

पुढे दिवस फिरले. 1577 पासून जॉन सभेला जवळजवळ येईनासाच झाला. 1578 मध्ये ठरलं, प्रत्येक आल्डरमनने गरिबांसाठी आठवड्याला 4 पेन्स द्यायचे. त्याच ठरावात जॉनकडून काही घेऊ नये, असंही लिहिलं गेलं. त्याची आल्डरमनची खुर्ची सभेने 1586 पर्यंत राखली. बोलावूनही तो येत नाही, बरेच दिवस आलेला नाही, एवढीच नोंद करून मग दुसरा माणूस निवडला. थकलेल्या सहकाऱ्याची लाज राखणारी ही माणसं मला फार जवळची वाटतात.

आणि तिथेच मन अडतं. त्याच राणी एलिझाबेथच्या राज्यात 1572 चा कायदा झाला होता. धडधाकट असून कामाविना भटकणाऱ्याला फटके मारायचे आणि तापलेल्या लोखंडाने त्याच्या उजव्या कानाच्या कूर्चेला भोक पाडायचं. असे कायदे अमलात आणायचे ते गावोगावच्या कॉन्स्टेबलांनी. जॉननेही एके काळी ते काम केलं होतं. त्याची ओढाताण सभेला कळली, कारण त्याचं दार, त्याचं दुकान, त्याची मुलं रोज डोळ्यांसमोर होती. वेशीतून आत आलेल्या भुकेल्या माणसाला मात्र पहिला प्रश्न असायचा, तू कुठला?