कुंडीबाहेरचा आधार

वुल्फव्हिल, नोव्हा स्कोशा
जूनअखेर

चि. बाळ,

तू हॅलिफॅक्सहून पाठवलेले फोटो चष्मा लावून नीट पाहिले. मागच्या अंगणात ७५ लिटरच्या चार कापडी कुंड्या, त्यांत गांजाची चार झाडं आणि प्रत्येक कुंडीत मधोमध खोचलेला एकेक बांबू. झाडं सुरेख आहेत. पानांचा रंग, पेरांमधलं अंतर, सगळं हवं तसं आहे. बांबू मात्र आजच काढ. झाडं गुडघ्याएवढी आहेत तोवर मुळांना फारसं लागणार नाही. ऑगस्टमध्ये काढायला गेलास तर मुळांचं जाळं त्याच्याभोवती घट्ट झालेलं असेल.

कारण सांगते. वारा झाडाला ढकलतो, झाड कुंडीला ढकलतं, आणि बांबू त्याच कुंडीच्या मातीत उभा असतो. कुंडी कलली की तोही कलणार. वर प्रत्येक झोक्याला तो मुळांत फिरतो ते वेगळंच. जमिनीतलं झाड मुळं लांबवर पसरून पकड घेतं. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही, मातीचं वजन हीच त्याची पकड. म्हणून आधार कुंडीबाहेरच्या जमिनीतूनच यायला हवा. हे एवढं नीट समजलं की बाकीचं तुझं तुलाच सुचत जाईल.

झाडांकडे वळण्याआधी कायद्याचं सांगते, कारण तुझ्या बाबांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे पीक घरी लावता येतं. आपल्या प्रांतात वयाची १९ वर्षं पूर्ण हवीत आणि मर्यादा घरटी चार झाडांची आहे, माणशी नाही. घरात तुझ्याबरोबर आणखी भाडेकरू राहतात, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणी पाचवं झाड लावणार नाही हे तुलाच पाहायला हवं. घरमालकाची परवानगी तोंडी असेल तर लेखी घे. आणि दिवाळीला नाशिकला जाशील तेव्हा बी, पान, फूल, काहीही बरोबर नेऊ नकोस. इथून ते देशाबाहेर नेणं हाच गुन्हा आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पीक काढल्यावर बरण्या कुलपात राहू देत. ओढण्याबद्दल तू माझं मत विचारलेलं नाहीस, तरी सांगते: पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते, तुझी ती अजून उलटलेली नाही. थोडं थांबलास तर मला बरं वाटेल.

आता वाऱ्याकडे येते, कारण खरी काळजी मला त्याची आहे.

गेल्या काही दशकांतल्या इथल्या मोठ्या वादळांच्या तारखा बघ. हुआन २९ सप्टेंबर २००३, डोरियन ७ सप्टेंबर २०१९, फिओना २४ सप्टेंबर २०२२, ली १६ सप्टेंबर २०२३. डोरियनने हॅलिफॅक्सच्या मध्यवस्तीत बांधकामाची अख्खी क्रेन आडवी केली होती. आता तुझ्या झाडाचं वेळापत्रक बघ. शेवंतीसारखंच हे लहान दिवसाचं पीक. ऑगस्टमध्ये दिवस आखडू लागला की ते फुलोऱ्याला लागतं, त्या पहिल्या आठवड्यांत उंचीला झपाट्याने वाढतं, आणि सप्टेंबरभर फुलांचे तुरे फांद्यांच्या टोकाशी भरत जातात. म्हणजे झाड सगळ्यात उंच, टोकाला सगळ्यात जड आणि पानोळ्याने सगळ्यात भरलेलं असतं, नेमकं तेव्हाच अटलांटिकवरून वादळं वर येतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हेही लक्षात ठेव. जुलैत डुलणारं झाड बघून सप्टेंबरचा अंदाज बांधता येत नाही.

तेव्हा असं कर. प्रत्येक कुंडीभोवती जमिनीत चार खांब ठोक, अडीच मीटर उंचीचे, निदान अर्धा मीटर खोल. ठोकण्याआधी त्या जागी खालून वीज किंवा गॅसची लाइन जात नाही ना, याची चौकशी कर. खांब कुंडीला टेकून नकोत, वीतभर लांब असू देत. मग बांधकामात काँक्रीटला घालतात ती चौकोनी लोखंडी जाळी आण, १५ सेंटिमीटरच्या खणांची. तीन मीटर लांबीचा तुकडा गोल वळवलास की जवळजवळ एक मीटर व्यासाचा पिंजरा तयार होतो. तो झाडाभोवती उभा करून खांबांना तारेने आवळ. खणांतून हात सहज आत जातो, फांद्या आपोआप बाहेर येतात आणि खणाच्या कडेवर टेकतात. दुकानात टोमॅटोसाठी मिळणारे शंकूसारखे पिंजरे घेऊ नकोस. वर रुंद आणि पायाशी अरुंद अशी त्यांची ठेवण पुरुषभर उंचीच्या झाडाला उलटीच पडते.

पिंजरा नको असेल तर त्याच चार खांबांवर आडवी जाळी ताण. पहिली गुडघ्याच्या थोडी वर, दुसरी कमरेच्या वर. तळेगावच्या पॉलिहाउसांत कार्नेशनच्या वाफ्यांवर अशाच जाळ्या असतात. रोप त्यांतून वर चढत जातं आणि प्रत्येक दांड्याला आपापला खण मिळतो. झाडं अंगणात वेगवेगळी उभी आहेत म्हणून मी तुला पिंजराच सुचवीन. एका वाफ्यात दाटीने असती तर जाळी म्हणाले असते.

यातलं काहीही करायचं ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. फांद्या पसरल्यावर पिंजरा वरून घालायला गेलास तर त्यातल्या निम्म्या मोडतील. आपल्या ओझरच्या मळ्यात वेल चढण्याआधीच मांडव उभा असायचा, आणि नारायणगावला टोमॅटोची तार-काठीही झाड लोळण घेण्याआधीच होते. इथे वुल्फव्हिलच्या द्राक्षबागांत काम केलं तेव्हाही हाच क्रम पाहिला.

बांधणीला तार किंवा नायलॉनची बारीक दोरी वापरू नकोस. खोड महिनाभरात जाड होतं आणि दोरी सालीत रुतते. जुन्या सुती साडीच्या किंवा टीशर्टच्या बोटभर रुंद पट्ट्या काप. पट्टी आधी खांबाभोवती, मग पीळ देऊन फांदीभोवती, अशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घाल. पिळामुळे फांदी खांबाला घासत नाही. गाठीत बोट आरामात जायला हवं. घट्ट आवळलेलं झाड सुरक्षित दिसतं, पण हलणं ही खोडाची गरजच आहे. हललेलं खोड आखूड आणि जाड होतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ जाफी यांनी १९७३ साली प्रयोगांनी दाखवलं. आपल्याला झाडाचं डुलणं थांबवायचं नाही, मोडण्याआधी अडवायचं आहे.

शेंडा तू खुडलेला दिसतोस, ते बरं केलंस. उंची आटोक्यात राहील. पण त्यामुळे खोडाला सारख्या जाडीचे दोन फाटे फुटले आहेत आणि वादळात झाड बहुधा त्या बेचक्यातच चिरतं. दोन्ही फाट्यांना वेगवेगळ्या बाजूंनी आधार दे, आणि बेचक्याच्या थोडं वर दोघांना एका सैल पट्टीने एकमेकांशी जोड. तरीही चिरलंच तर घाबरू नकोस. साल ओली असतानाच दोन्ही बाजू जुळवून चिकटपट्टीने घट्ट लपेट आणि बाहेरून खपाची लाव. वेळेवर केलं तर पुष्कळदा सांधतं. घट्ट बांधण्याची परवानगी मी तुला एवढ्या एकाच ठिकाणी देते.

वादळाची सूचना आली की कामांचा क्रम महत्त्वाचा. कुंड्या आडोशाला हलवायच्या असतील तर त्या कोरड्या असताना हलव. भिजलेली ७५ लिटरची कुंडी पन्नास किलोंच्या आसपास किंवा पुढेही जाते. अर्थात पिंजऱ्यासकट हे जमणार नाही, म्हणून खांब ठोकतानाच जागा विचार करून निवड. घराच्या भिंतीचा कोपरा टाळ, तिथे वारा भोवऱ्यासारखा वळतो. सगळ्यात चांगला आडोसा अर्धवट झिरपणारा: फटी असलेलं लाकडी कुंपण किंवा शेडनेट. सपाट भिंतीवरून वारा उसळून पलीकडे जोरात आदळतो, फटींतून गेलेला मात्र मंदावतो. जळगावचे केळीवाले बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी. जागा पक्की झाली की वादळाच्या आदल्या संध्याकाळी कुंड्यांना भरपूर पाणी दे. एरवी मी तुला इतकं पाणी देऊ दिलं नसतं, पण त्या रात्री वजनच कामाला येतं. बाजूंना विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे सरकव. आणि पावसासाठी वर प्लॅस्टिक बांधलं असशील तर ते उतरव. सोसाट्याच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि ते खांबांसकट सगळं उपटू शकतं.

प्लॅस्टिकचा विषय निघालाच आहे तर कुजीचंही सांगते. हॅलिफॅक्सचं धुकं आणि सप्टेंबरची थंड ओल यांत करडी बुरशी तुऱ्याच्या आत सुरू होते. द्राक्षाचे घड कुजवणारी बॉट्रायटिस हीच. बाहेरून तुरा धट्टाकट्टा दिसतो. खूण एकच: तुऱ्यातून डोकावणारं एखादं छोटं पान अचानक सुकतं आणि चिमटीत धरून ओढलं की अलगद सुटून येतं. तिथे तुरा उकलून बघ. आत करडं, तपकिरी दिसलं तर चांगल्या भागापर्यंत खाली जाऊन काप, पिशवीत घालून कचऱ्यात टाक, कात्री स्पिरिटने पूस. असला तुरा थोडासा कापून बाकीचा ठेवावा असा मोह होतो. ठेवू नकोस, बुरशीचा धूर फुप्फुसात जाणं चांगलं नाही. अळीने पोखरलेल्या जागी ही कूज हमखास लागते, म्हणून ऑगस्टपासून अळ्याही वेचत जा.

पावसापासून वाचवायला नाशिकला द्राक्षांवर घालतात तसं वरच्या वर पारदर्शक आच्छादन घाल, चारही बाजू उघड्या. झाड पिशवीत गुंडाळल्यासारखं झाकलंस तर आत वाफ कोंडते आणि कुजीला तू स्वतःच बोलावलेलं असतं. पाऊस थांबला की खांब धरून झाड हलकेच झटक. आतल्या, सूर्य न दिसणाऱ्या बारीक काटक्या ऑगस्टअखेर काढून टाक, हवा खेळू दे.

हरणांचं तू लिहिलं होतंस. पिंजऱ्याची जाळी झाडाचा गाभा वाचवेल, बाहेर आलेले शेंडे ती खातील. त्याला अंगणाचं फाटक लावून घेणं हाच उपाय, आणि शेजारच्या लहान मुलांच्या दृष्टीनेही ते बंदच असलं पाहिजे.

लोखंडी जाळी कापायचं मोठं कटर माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. पुढच्या रविवारी मी हॅलिफॅक्सला येते आहे. बारा मीटर जाळी आणि सोळा खांब तेवढे आणून ठेव, आणि चारही बांबू काढून.

तुझी,
आत्या