रानवाटेचा पत्ता

31 डिसेंबर 2024 रोजी, नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांच्या हद्दींत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही अंगांनी अडवून धरली. वनखात्याच्या दप्तरी ‘एफ-2’ म्हणून नोंदलेल्या त्या आईला पुढे जाता येईना आणि पिल्लांना घेऊन मागेही फिरता येईना. आणि ज्यांनी तिची ही कोंडी केली त्यांच्याच हातांतील यंत्रांनी टिपलेली ती दृश्ये थोड्याच दिवसांत घरोघर पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली, आणि न्यायाचा जो भाग सरकारदरबारी निकालात निघू शकतो तो निघाला. परंतु ती माणसे तेथे कोणत्या ओढीने जमली होती, हा प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे पुरतेपणी मांडता येण्यासारखा नाही.

याच अरण्यात 2013 साली नागझिऱ्याहून चालत आलेला ‘जय’ नावाचा वाघ राहत असे. त्याच्या देखणेपणाची ख्याती एवढी वाढली की, नुकत्याच घोषित झालेल्या त्या लहानशा अभयारण्याचे नाव देशभर झाले; आणि 2016 च्या एप्रिलात, गळ्यात ठावठिकाणा कळविणारा पट्टा असतानाही, तो नाहीसा झाला. त्याचे पुढे काय झाले याचा उलगडा आजतागायत झालेला नाही, म्हणून त्याचा दोष त्याच्या कीर्तीवर टाकणे अन्यायाचे होईल. एवढे मात्र निर्विवाद आहे की, ज्या प्राण्याचा ठिकाणा अवघ्या देशाला ठाऊक होता त्याला त्या ठाऊक असण्याने काडीचेही संरक्षण दिले नाही.

आज सुट्टीच्या दिवशी शहरातील तरुण मंडळी मेळघाटातील एखाद्या निर्जन घळीत किंवा सातपुड्याच्या एखाद्या अनाम धबधब्यापाशी पोहोचतात, आणि परतण्यापूर्वीच त्या जागेचे नाव, वाटेचा नकाशा व गाडी कोठे लावावी येथपर्यंतचा तपशील इन्स्टाग्रामवर जाहीर झालेला असतो. यामागची प्रेरणा हीन आहे असे मी मानीत नाही. सुंदर वस्तू एकट्याने भोगू नये, ती वाटावी, हा संस्कार आपल्या रक्तात आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला तेव्हापासून महाराष्ट्राने मोठेपणाची परीक्षा खुले करण्याच्या सामर्थ्यावर केली आहे. शिवाय ही मुले खोटे तर काही सांगत नाहीत. वाट आहे, धबधबा आहे, आणि दोन्ही जेथे सांगितले तेथेच आहेत. मग अधर्म कोठे आहे?

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितलेली कौशिक ब्राह्मणाची कथा या प्रश्नासाठीच राखून ठेवल्यासारखी आहे. नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्या या तपस्व्याचे व्रत एकच होते, सदैव सत्य बोलण्याचे. दरोडेखोरांच्या भयाने पळणारी काही माणसे त्याच्या देखत रानात शिरली; पाठोपाठ आलेल्या दरोडेखोरांनी त्याच्या सत्याचीच आण घालून विचारले, आणि कौशिकाने ती माणसे झाडावेलींनी दाटलेल्या कोणत्या रानात गेली ते यथातथ्य सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. या कथेत कौशिकाच्या हेतूला कोठेही दोष दिलेला नाही. त्याच्या मनात द्वेष नव्हता, लोभही नव्हता. त्याचा अपराध असा की, एखाद्या जीवाचा ठिकाणा उच्चारणे ही केवळ वाणीची क्रिया आहे, तिचे फळ कोणाच्या पदरात पडेल याच्याशी आपला संबंध नाही, असे त्याने मानले. आपल्या शब्दाचे परिणाम ज्यांनी भोगायचे त्यांना त्या शब्दाविषयी काही म्हणायचे असेल, हे त्याच्या सत्यनिष्ठेच्या हिशेबात बसलेच नाही.

आजच्या काळात दरोडेखोर नाहीत असे समजण्याचेही कारण नाही. पन्ना व्याघ्रप्रकल्पातील एका वाघाच्या गळपट्ट्याची माहिती ज्या ई-मेल खात्यात येत असे ते परक्या हाताने उघडण्याचा प्रयत्न 2013 सालीच झाला होता. परंतु मला अधिक चिंता वाटते ती प्रेमाने येणाऱ्यांची. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुले पाहावयास येणाऱ्यांत फुलांचा वैरी कोणी नव्हता, तरी त्यांच्या पावलांपासून फुले वाचविण्यासाठी येणाऱ्यांची दैनंदिन संख्या ठरवून देणे भाग पडले. आणि धोका केवळ रानालाच आहे असेही नाही; 2024 च्या जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना एक तरुणी दरीत कोसळून प्राणास मुकली, हे महाराष्ट्र विसरलेला नसेल.

कौशिकाच्या शेजारी मला चक्रधरस्वामी उभे दिसतात. लीळाचरित्रात ससा राखल्याची लीळा आहे: पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला, पारध्यांनी तो मागितला, आणि जो शरण आला त्याला देता येत नाही असे त्यांना समजावून स्वामींनी तो वाचविला. येथे असत्याचा आश्रय नाही आणि ठिकाण्याची लपवाछपवीही नाही. मला ठाऊक आहे आणि मी देणार नाही, असा उघड नकार आहे. श्रीकृष्णानेही न बोलण्याने निभत असेल तर बोलू नये असेच म्हटले आहे. रानातून परतलेल्या माणसाला ही मुभा नेहमीच असते: आनंदाचे वर्णन मनमुराद करावे आणि जागेचा पत्ता स्वतःपाशी ठेवावा.

तथापि या ठिकाणी एक आक्षेप उभा राहतो, आणि नागपुरात बसून लिहिणाऱ्याला तो टाळता येणार नाही. अनधिकाऱ्यास सांगू नये, या एका वचनाच्या आडोशाने या देशात शतकानुशतके माणसांना वेदांपासून, देवळांपासून, पाण्यापासून मज्जाव करण्यात आला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात धम्मदीक्षा घेऊन, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वचनाचा निकाल लावला. ज्या मध्यमवर्गीयाजवळ गाडी, सवड आणि चार जाणते मित्र आहेत त्यानेच रानाचे सौख्य भोगावे आणि इतरांपासून ते गुप्त राखावे, असे जर माझे म्हणणे असेल तर ते त्या जुन्याच मालकीहक्काचे नवे फर्मान ठरेल. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना तो मान्य केल्यावाचून पुढे बोलण्याचा हक्क मला पोहोचत नाही.

पण चवदार तळे सार्वजनिक होते. नगरपालिकेने ते सर्वांस खुले केल्याचा ठरावही दप्तरी होता, आणि पाणी पिणाऱ्याने पाण्याचा काही अपहार केला नव्हता. वाघिणीची गुहा किंवा वर्षातून एकदाच फुलणारा खडकाळ माळ ही कोणाची वहिवाट नव्हे. माणसामाणसांतील भेद येथे अप्रस्तुत आहे; प्रश्न येणाऱ्याच्या जातीचा वा ऐपतीचा नसून सांगणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा आहे. समोरासमोर विचारणाऱ्या एका माणसाला वाट सांगताना मी त्याचा चेहरा पाहतो, पावसाळ्यात जाऊ नको म्हणतो, प्रसंगी बरोबर चालतो. त्याच्या वागण्याचा थोडा भार माझ्यावर येतो आणि तो मी पत्करलेला असतो. लाखो अपरिचितांना तीच वाट सांगताना त्यांतील एकाचाही भार मी घेऊ शकत नाही. ज्याचा जामीन राहणे अशक्य आहे असा शब्द देऊ नये, हा व्यवहारातला नियम धर्मातही खरा आहे.

जागेचे नाव घेणेच पाप, असा याचा अर्थ नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ लिहिले, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधचे दिवस शब्दांत उतरविले, आणि त्यांच्या आधी कितीतरी शतके, वा. वि. मिराशींनी रामटेक म्हणून ओळख पटविलेल्या रामगिरीवरून कालिदासाच्या यक्षाने मेघाला अलकेपर्यंतची वाट नदी-पर्वतांच्या नावांनिशी सांगितली. परंतु त्या लेखनात वाचकाला आधी त्या रानाचा स्वभाव शिकावा लागतो. पान उलटण्याचा अवकाश हाच एक संयम असतो.

आणि तरीही कोणती वाट जाहीर व्हावी हे ठरविणारा मी कोण? गोठणगावसारख्या गावांतील मार्गदर्शकांची चूल त्या अरण्याच्या कीर्तीवर पेटते. माझ्या मौनाने त्यांचा रोजगार बुडणार असेल तर ते मौनही निर्दोष नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेथे कोणाला काय नेऊ द्यावे याचा विचार ग्रामसभा एकत्र बसून करते. चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी अशा गावात जाऊन विचारणे आज कोणालाही अशक्य नाही. तेथे कदाचित या म्हणतील, कदाचित अमुक महिन्यात नको म्हणतील, आणि कदाचित त्या डोंगराचा देव आमचा आहे, त्याचे नाव लिहू नका, एवढेच सांगतील.