मूळ रूप कोणते?

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस जपून ठेवली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण गाडी येण्याआधीच ते वारले. पुढे उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ती समारंभापुरती बाहेर निघे. साऱ्या आयुष्यात ती सहाशे किलोमीटरही धावली नाही. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या बीदर-गुलबर्ग्याच्या मुलखात पुढे ज्या मॅटाडोर व्हॅन आल्या, त्या एवढे अंतर दोन-तीन दिवसांत कापत. तरी राजवाड्यात कोणती गाडी जायची आणि भंगारात कोणती, याचा निकाल आपण कधीच देऊन बसलो आहोत. मला तो मान्य नाही.

फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मन परवान्यावर तीनचाकी हॅन्सियाट आणली आणि साठचे दशक संपता संपता मॅटाडोर. आराखडा जर्मन, कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, झाकणाखाली. उन्हाळ्यात त्याची डावी मांडी भाजून निघे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावांना या गाडीने काय दिले, ते एसटीच्या वेळापत्रकात सापडायचे नाही. उमरग्याहून आळंदला, उदगीरहून भालकीला, दत्तजयंतीला गाणगापूरला, जत्रेला मैलारच्या खंडोबाला माणसे हिच्यातून गेली. लग्नाचे वऱ्हाड, तुरीची पोती आणि बाळंतपणाला अडलेली बाईसुद्धा. भाषेवरून राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी आणि बाजार दोन्हीकडचे राहिले. ते चालते ठेवण्यात या गाड्यांचा वाटा मोठा आहे.

आता त्या शोधाव्या लागतात. इथली हवा कोरडी, कोकणासारखा पत्रा झपाट्याने सडत नाही. म्हणून गोठ्याच्या आडोशाला एखादी अजून सापडते. भालकीकडे अशी एक पाहिली. मागच्या दाराची कड नखाने खरवडली तर वर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली मळकट पांढरा रंग. दारावर गावाचे नाव कानडीत आणि मराठीत, दोन्ही एकाच हाताची अक्षरे. आतला मूळ पत्रा गेलेला, त्या जागी जाड चेकर प्लेट वेल्डिंग केलेली. बाकांना सागवानी फळ्या. टपावरचे कॅरिअर नळाच्या पाइपांचे.

जुन्या गाड्यांचे बहुतेक हौशी लोक अशा गाडीचे पहिले काम सांगतील ते रंग पार खरवडण्याचे. मग लांबी भरायची, कारखान्याची छटा मारायची, चेकर प्लेट उखडायची. माझे मन याला राजी होत नाही. आकुर्डीहून अशा गाड्या हजारोंनी निघाल्या, सगळ्या एकसारख्या. भालकीच्या त्या गाडीसारखी मात्र दुसरी नाही, आणि तिला वेगळे केले ते इथल्या मिस्त्रींच्या हातांनी. ते काम पुसायचे आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचे, हे मला पटत नाही. कारखान्यातून कशी निघे हे कळायला एखादी तशीच सजवलेली असावी, जरूर असावी, एक पुरे. ब्रेक, स्टेअरिंग, वायरिंग यांत मात्र भावनेला थारा नको, ते नवे घालावे.

कायद्याचा कल उलटा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, दुचाकी किंवा चारचाकी हवी, खासगी वापराची हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना हे माप नेमके बसते. पोटासाठी राबलेली व्हॅन यातून बाहेरच पडते: भाड्याने धावली, दोनदा बॉडी बदलली, इंजिन तर कदाचित तिसरे. तीनचाकी हॅन्सियाटला दारच बंद. फेरफार न झालेली गाडी म्हणजे बहुधा फारशी न वापरलेली गाडी. वारसा मोजायला एवढेच माप ठेवले, तर कष्टकऱ्यांच्या वस्तू त्यात कधी यायच्याच नाहीत. कामाच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग हवा, आणि त्यात दुरुस्तीचा इतिहास दोष न ठरता पुरावा ठरावा.

तोवर काम थांबवायचे कारण नाही. पुणे-हैदराबाद महामार्गालगत बसवकल्याणच्या ऑटो नगरात पत्रा ठोकणारे, पाटे बांधणारे, लेथवर हवा तो भाग कातून देणारे कारागीर आहेत. असे काम मुंबई-पुण्याच्या शोभेच्या गॅरेजपेक्षा त्यांच्याकडेच न्यावे. आणि रंगाला हात लावण्याआधी गाडीचा जुना ड्रायव्हर गाठावा. ही माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. प्लेट कोणी बसवली, कॅरिअर कुठल्या जत्रेच्या आधी चढले, दारावरची अक्षरे कोणाची, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि तो कागद आरसीबरोबर ठेवावा.