आंधळ्या भुंगेऱ्याचे नाव



उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पशुपक्ष्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. हे काम अजून संपलेले नाही. मातीत, गुहांत राहणाऱ्या, डोळे नसलेल्या भुंगेऱ्यांच्या नव्या जाती आजही सापडतात. शास्त्रज्ञ त्यांचे वर्णन छापून नाव देतात आणि ते कायमचे चिकटते.

स्लोव्हेनियातील गुहांत असाच एक तपकिरी भुंगेरा आहे, जेमतेम ५ मिलिमीटरचा. १९३७ साली ऑस्कर शाइबेल या हौशी अभ्यासकाने त्याचे नाव ठेवले 'ॲनॉफ्थॅल्मस हिटलरी'. पहिल्या शब्दाचा अर्थ 'नेत्रहीन'. दुसरा जर्मनीच्या तेव्हाच्या सत्ताधीशाच्या गौरवासाठी! त्या माणसाने पुढे काय केले ते आपण जाणतो. या नावापायीच त्याचे चाहते आज हा किडा मोठी किंमत देऊन मिळवतात आणि जात धोक्यात येते. बिचाऱ्या किड्याचा यात काय दोष?

मग नाव बदलावे का? प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ साली नकार दिला. आक्षेपार्ह म्हणून नावे बदलत गेलो, तर अभ्यासात गोंधळ माजेल, असे त्यांचे म्हणणे. हा मुद्दा हलका नाही. पण आदामाला बाग राखायलाही सांगितले होते. नाव देणाऱ्यावर त्या जिवाची राखण येते. जे नाव जिवाच्याच मुळावर उठते, ते बदलायला नियमात एखादी वाट हवी, असे आम्हांला वाटते.

बाप्तिस्म्याच्या वेळी आपणही कोणाकोणाच्या नावावरून बाळाचे नाव ठेवतो. निदान त्याला मोठेपणी ते बदलता येते.