उतारावरची ओल

उतारावरच्या बागेत ठिबक करायचे म्हटले की एक सल्ला हमखास मिळतो: पाणी उताराकडेच पळणार, तेव्हा ड्रिपर झाडाच्या वरच्या अंगाला ठेवा. हे इतके उघड वाटते की कुणी तपासत नाही. पण जमिनीवरून वाहणारे पाणी वेगळे आणि जमिनीत मुरलेले वेगळे. कोरड्या मातीत पाण्याला ओढतात त्या कणांमधल्या बारीक फटी, आणि ती ओढ चहूकडे असते. माती भिजते तशी ओढ मंदावते, गुरुत्वाकर्षणाचा वाटा वाढतो. मात्र तेही पाण्याला सरळ खाली नेते, उताराला समांतर नाही. मग ओलाव्याचा गोळा कललेला का भासतो? कारण आपण खोली मोजतो ती पृष्ठभागाशी काटकोन धरून. २० अंशांच्या उतारावर ६० सेंटिमीटर सरळ खाली उतरलेली ओल या मापात २० सेंटिमीटर सरकलेली भरते. झाड मात्र ओळंब्यातच उभे असते. पाणी बंद झाल्यावर वरच्या थरातली ओल थोडी उताराकडे झुकते हे खरे, पण एकसारख्या खोल मातीत तेवढ्यासाठी ड्रिपर हलवायचे कारण नाही.

उताराचा खरा त्रास नळीत आहे. १० मीटर खाली उतरले की दाब सुमारे १ किलोने वाढतो. साध्या ड्रिपरवरचा दाब दुप्पट झाला तर पाणी जवळपास १.४ पट पडते. १६ मिलिमीटरच्या १०० मीटर नळीत १५ लिटरच्या आसपास पाणी मावते, आणि नळी उताराच्या दिशेने टाकलेली असेल तर कॉक बंद केल्यावर त्यातले बरेचसे खालच्या झाडांपाशी गळते. म्हणून नळ्या समपातळीत हव्यात.

तरीही त्या सल्ल्याला पुरता खोटा ठरवता येत नाही. भारी काळ्या मातीत ताशी ८ लिटरचा ड्रिपर लावला तर पाणी मुरण्याआधी साचते, आणि साचलेले पाणी उतार धरतेच. तिथे २ लिटरचा ड्रिपर लावणे हा उपाय. पाणी थोडे थोडे, अनेकदा देणेही चांगले, पण दर वेळी नळी रिकामी होत असेल तर त्याने खालच्या ओळी आणखी चिबडतात. गळती रोखणारे ड्रिपर असतील तरच ते परवडते. कोकणातल्या जांभ्यावर गोष्ट आणखी बदलते. हातभर मातीखाली कातळ लागला की सरळ खाली जायची वाट संपते आणि पाणी कातळाच्या अंगाने उतरू लागते. अशा आंब्याकाजूच्या बागेत मात्र ड्रिपर वरच्याच अंगाला हवा.